फोन टेबलावर पालथा की बाहेरच्या खोलीत?

अभ्यासाला बसताना फोन सायलेंट करून टेबलावर पालथा ठेवला की वाटतं, झालं काम. सोय आहेच: शब्दाचा अर्थ बघता येतो, घरून फोन येऊन गेला का तेही कळतं. पण अर्थ बघून फोन लगेच खाली ठेवला, असं माझ्या हातून क्वचितच झालंय. मग वहीतलं अर्धवट गणित पहिल्या ओळीपासून वाचायचं. लक्ष द्यावं लागणारी दोन कामं मेंदूला एकदम नीट जमत नाहीत. इकडून तिकडे उड्या मारतो आणि दर उडीला धागा तुटतो.

फोन बाहेर असेल तर? टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच तपासलं. फोन सगळ्यांचेच सायलेंट, तरी ज्यांचे दुसऱ्या खोलीत होते ते टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा चाचण्यांत सरस ठरले. (पुढच्या प्रयोगांत हा फरक दर वेळी इतका ठळक दिसला नाही.) पहिली दहा मिनिटं हात उगाच टेबल चाचपतो. शब्दकोश कागदी लागतो, घड्याळही वेगळं. फोनवरच तास असेल तर हा उपाय बादच. पाठांतर आणि गणितांना मात्र मी फोन आईकडे देऊनच बसतो.