डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं, वायफाय दिसेना: डोंगल घ्यावं की कार्ड?

दुकानात जाण्याआधी अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग (मोबाइलचं नेट केबलनं संगणकाला देणं) सुरू करा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लागत नाही आणि पुढच्या कामापुरतं नेट मिळतं. मग टर्मिनलवर 'एलएसपीसीआय -एनएनके' (lspci -nnk) द्या. यादीत वायफाय कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, तर 'डीमेसेज'मध्ये (dmesg) फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत भरायच्या सॉफ्टवेअरची, तक्रार शोधा. डेबियन १२ पासून (२०२३) फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, तेव्हा पेनड्राइव्हवर त्याआधीचा इन्स्टॉलर असेल तर तो आधी बदला.

एवढं करूनही नाहीच जमलं, तर खरेदी.

डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं वायफाय, सोयीचं, यात वाद नाही. कॅबिनेट उघडायचं नाही, आणि अंबाजोगाई-सेलूसारख्या गावातही मोबाइलच्या दुकानात मिळून जातं. पण डब्यावर चिपचं नाव नसतं. एकाच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत चिप वेगळीच निघते. 'एलएसयूएसबी'त (lsusb) ०बीडीए:१ए२बी (0bda:1a2b) दिसलं, तर डोंगल स्वतःला विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी समजतंय. 'यूएसबी-मोडस्विच' (usb-modeswitch) हा प्रोग्रॅम टाकल्यावर ते भानावर येतं. रियलटेकच्या ८८२१सीयू चिपला कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून आतलाच ड्रायव्हर आहे, ८८२१एयूला थेट ६.१४ पासून. त्याआधीच्या कर्नलवर बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएस (DKMS) या साधनाने आपल्या कर्नलसाठी बांधावा लागतो.

माझं मन डोंगलवरून उडालं ते इथं. कर्नल अपडेट झालं की तो ड्रायव्हर पुन्हा बांधला जातो. त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या हेडर्स फाइल नसतील किंवा नव्या कर्नलशी त्याचं जुळलं नाही, तर रीस्टार्टनंतर वायफाय गायब. दुरुस्तीला नेट हवं, आणि बंद पडलंय तेही नेटच! त्यात आमच्याकडं लाइटचा नेम नाही. अपडेट चालू असताना गेली की काम अर्धवट. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर बांधलेला ड्रायव्हरही सही नसल्यामुळे कर्नल आत घेत नाही. रीस्टार्टच्या वेळी निळ्या स्क्रीनवर किल्ली नोंदवावी लागते.

कॅबिनेटच्या आत बसणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस कार्डाला पैसे जास्त, स्क्रूड्रायव्हरही लागतो. पण इंटेल एएक्स२१० ला कर्नल ५.१० पासून आतलाच ड्रायव्हर आहे, म्हणून अपडेटची धास्ती नाही. घेताना एएक्स२११ गळ्यात मारून घेऊ नका: आकार तोच, पण ते ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतं, पीसीआय एक्सप्रेसच्या अडॅप्टर कार्डात नाही. ब्लूटूथ हवं असेल तर सोबतची वायर बोर्डावरच्या ९ पिनी यूएसबी हेडरला लावा. ती राहिली की ब्लूटूथ दिसतच नाही. ऑफिसातून निघालेल्या बारक्या कॅबिनेटला कार्डाची बुटकी पट्टी (लो-प्रोफाइल ब्रॅकेट) लागते, ती डब्यात आहे का बघा. माळवदाच्या घरात, जाड मातीच्या भिंतीआड, वायरवाला अँटेना कॅबिनेटवर ठेवता येणारं कार्ड घ्यावं. नखाएवढ्या डोंगलचा तिथं निभाव लागत नाही.

भाड्याच्या खोलीत राहत असाल, मशीन सारखं बदलत असेल, तर डोंगल चालेल. मात्र मीडियाटेक एमटी७६१२यू चिपचंच शोधा. ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आत आहे. ते यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचू नका, २.४ गीगाहर्ट्झच्या वायफायला त्या पोर्टचा त्रास होतो. छोटी एक्स्टेन्शन केबल लावून जरा दूर ठेवा.