ॲम्प्लिफायर वेगळा, की स्पीकरच्या पोटातला?

भाच्याने वाकडला फ्लॅट घेतला आणि महिन्याभरात फोन केला, "मामा, पन्नास हजारांत गाणं ऐकायला काय घेऊ?" साउंडबार आणून त्याने आठवड्यात परत केला होता. सिनेमाला बरा होता, पण गायक समोर बसल्यासारखा वाटेना. ते साहजिकच आहे. डावा-उजवा स्पीकर एकाच पट्टीत, हातभर अंतरावर, मग मैफल पसरणार कुठे?

म्हणजे राहिले दोन पर्याय. पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प्लिफायर नसलेल्या, स्पीकरची जोडी आणि वेगळा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (आवाजाचं बटण आणि सगळं एकाच डब्यात), किंवा ॲम्प्लिफायर आतच बसवलेली ॲक्टिव्ह जोडी.

आधी वॅटचं भूत उतरवतो, कारण त्याचा पहिला प्रश्न "किती वॅटचा?" हाच होता. खोक्यावरचा 'पीएमपीओ'चा, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचा, चार आकडी आकडा वाचून ज्या घरात म्युझिक सिस्टीम आली, त्या घरातला मुलगा दुसरं काय विचारणार! पाहायची ती स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. समजा ती ८६ डेसिबल आहे. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज. सोफा अडीच मीटरवर असला तरी दोन्ही स्पीकर मिळून साधारण ८० डेसिबल कानाशी येतात, आणि ते घरात पुरेसे मोठे असतात. तबल्याच्या थापेला क्षणभर आणखी दहा-पंधरा डेसिबल लागतात, त्यासाठी दहा ते तीस वॅट. तेव्हा ४०-५० वॅटचा, पण खऱ्या आरएमएस (सलग देता येणाऱ्या) वॅटचा, ॲम्प्लिफायर दहा बाय बाराच्या खोलीला पुरून उरतो. ५० ऐवजी १०० वॅट घेतले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. ८९ डेसिबलचा स्पीकर निवडला तर तेच ३ डेसिबल ॲम्प्लिफायरवर जादा पैसे न घालता मिळतात. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर कमीत कमी किती ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) स्पीकर चालतो ते छापलेलं असतं, स्पीकर त्याखालचा नको. एवढं गणित बास.

ॲक्टिव्ह जोडीचा मोठा गुण म्हणजे जुळणीची डोकेदुखी नाही. कंपनीने वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) बघूनच ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. फोन ब्लूटूथने, टीव्ही ऑप्टिकल वायरने, काम संपलं. बायकोला टीव्हीखाली आणखी एक डबा नको असेल तर घरात शांतताही राहते. दुखणं नंतरचं. माझ्या जोडीतला डावा स्पीकर तिसऱ्या वर्षी मुका झाला. बोर्ड मिळेना, सर्व्हिसवाले म्हणाले नवी जोडीच घ्या. दोन्ही लाकडी पेट्या धडधाकट, वूफर धडधाकट, आणि सगळं भंगारात. वेगळ्या संचात ॲम्प्लिफायर बिघडला तर तेवढाच उचलून बुधवार पेठेतल्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडे न्यायचा, स्पीकर घरी शाबूत. पुढे रेकॉर्ड प्लेअर आणावासा वाटला तर फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअरसाठीची खास जोडणी) असलेला ॲम्प्लिफायर घेऊन ठेवता येतो.

आकाराचं म्हणाल तर काळी एकच्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. पाच-साडेपाच इंची वूफर बहुधा तिथवर उतरतो, तीन इंची धापा टाकतो. गंमत अशी की खर्ज थोडा कमी वाजला तरी कान वरच्या स्वरांवरून तो भरून काढतो. जवारी, म्हणजे तारेचा तो खास झंकार, मात्र कान भरून काढू शकत नाही. म्हणून दुकानात ढणढणाट लावून बघू नका. ओळखीचं ध्वनिमुद्रण न्या आणि आलाप सुरू व्हायच्या आधीचा नुसता तंबोरा ऐका. तारा सुट्या सुट्या झंकारल्या तर पुढे बोलायचं, नुसतं गुणगुणलं तर दुसरी जोडी लावायला सांगायचं.

माझा कौल असा: वीस-पंचवीस हजार असतील तर ॲक्टिव्ह, कारण तेवढ्यात दोन वस्तू घेतल्या की दोन्ही अर्ध्याकच्च्या येतात. पन्नास असतील तर वेगळा संच, त्यातले तीस-पस्तीस स्पीकरला. वायर साधी दीड एमएमची तांब्याची चालते, सोनेरी वेष्टणाचे पैसे गालिच्याला द्या. टाइल्सच्या उघड्या फरशीवर कुठलाही स्पीकर खणखणतो.

भाच्याने वेगळा संच घेतला आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार: "आवाज कुठून येतो तेच कळत नाही, आणि डग्गा गायब." फोटो मागवला. स्पीकर शोकेसच्या कप्प्यातून काढून स्टूलवर ठेवलेले, भिंतीपासून हातभर पुढे, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीवर. सगळं सांगितल्याप्रमाणे. मग मागच्या बाजूचा फोटो मागवला. उजव्या स्पीकरची लाल वायर काळ्यात आणि काळी लालमध्ये. एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जात होता. ॲम्प्लिफायर बंद करून वायरी बदलायला सांगितल्या. पाच मिनिटांनी मेसेज आला, "डग्गा सापडला."