विश्रामबागमधला स्पोकन इंग्लिश क्लास : सर भारी, नोट्स रद्दी

सांगलीत विश्रामबागला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जातोय, नाव टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत. संध्याकाळची बॅच, जास्त करून नोकरीवाले आणि इंटरव्ह्यूची तयारी करणारी पोरं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, फॅन खडखडतो, एवढं चालवून घ्यायचं.

सर मात्र लय भारी शिकवतात. इडियम म्हटलं की आपण शाळेपासनं घोकंपट्टीच केलेली, पण यांनी 'टेकन अबॅक' शिकवायला घेतलं तर आधी फळ्यावर जहाजच काढलं. शिडाचं जहाज, आणि अचानक वारं समोरनं आलं की शीड उलटं डोलकाठीला जाऊन चिकटतं, जहाज जागेवर अडतं, कधी मागं पण सरकतं, त्याला खलाशी 'अबॅक' म्हणायचे आणि तिथनं ते माणसांना लागू झालं. आता सांगलीत कुठला समुद्र, तर म्हणे आयर्विन पुलावर समोरनं वारं येऊन छत्री उलटी झाली की जसे जागच्या जागी थबकता ना, तसं.

म्हणजे नुसतं आश्चर्य नाही, चपापणं. इंटरव्ह्यूत कुणी एकदम 'आधीची नोकरी का सोडली' विचारलं आणि तुमची बोलती बंद झाली, तिथं हे बसतं. आम्ही सगळे 'आय टुक अबॅक' म्हणत होतो, कारण मराठीत 'मी चपापलो' म्हणतो. पण इंग्रजीत चपापवणारी गोष्ट वेगळी लागते, म्हणून 'आय वॉज टेकन अबॅक बाय हिज क्वेश्चन' नाहीतर 'हिज क्वेश्चन टुक मी अबॅक'. 'गॉबस्मॅक्ड', म्हणजे थक्क होऊन तोंड उघडंच राहणं, हे पण सांगितलं, पण ते मित्रांत, साहेबापुढं नको. आणि 'आउट ऑफ द ब्लू' हे माणसाला नाही, ध्यानीमनी नसताना घडलेल्या गोष्टीला.

आता नोट्स. पैसे वेगळे घेतात आणि त्यात हे तिन्ही एकाखाली एक, अर्थ काय तर 'आश्चर्यचकित होणे', 'आश्चर्यचकित होणे', 'आश्चर्यचकित होणे'! वर 'टेकन अबॅक'चं 'टेकन बॅक' छापलंय, म्हणजे परत नेलेलं. सर स्वतः त्या नोट्स उघडतच नाहीत, यात काय ते समजा.

रविवारच्या बॅचला दुसरे सर असतात, ते याच नोट्स वाचून दाखवतात असं तिथली पोरं सांगतात. त्यामुळं फी भरायच्या आधी बॅच कुणाकडं आहे ते ऑफिसात विचारून घ्या, आणि पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.