शिशुआहाराच्या वेष्टनावरील क्यूआर कोड : कॅलिफोर्नियातील एका सोयीचे परीक्षण

दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या तयार आहारात आर्सेनिक, कॅडमियम, शिसे आणि पारा किती सापडले, हे कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून उत्पादकाला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. एबी ८९९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याची ही तरतूद असून, ज्या पदार्थासाठी एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, यांपैकी एखाद्या धातूची पातळी ठरवून दिली आहे त्याच्या वेष्टनावर क्यूआर कोडही छापावा लागतो. बाळाला सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील, दुकानांमध्ये ही सोय मी नियमितपणे वापरली. ती उपयोगी आहे, परंतु वापरणाऱ्याने स्वतःची तयारी करून जावे लागते, असे माझे मत झाले आहे.

पहिली अडचण अगदी साधी आहे. कोड स्कॅन केल्यावर काही उत्पादकांच्या पानावर सर्व उत्पादन-गटांचे निकाल एकाखाली एक दिसतात, तर काहींच्या पानावर आधी लॉट क्रमांक, म्हणजे त्या उत्पादन-गटाचा क्रमांक, भरावा लागतो. हा क्रमांक पाऊचच्या शिवणीवर फिकट शाईत, मुदतीच्या तारखेला आणि भरण्याच्या वेळेला चिकटून छापलेला असतो, त्यामुळे त्यातले नेमके कोणते आकडे भरायचे हे ओळखण्यातच वेळ जातो. किराणा घरपोच मागवणाऱ्यांना तर वस्तू हातात येईपर्यंत लॉट कळतच नाही, म्हणजे निवड करण्याच्या क्षणी माहिती उपलब्ध नसते. ग्राहकाला आपली वस्तू ओळखता येईल एवढा तपशील द्यावा असे कायदा सांगतो, पण तो किती पायऱ्यांनंतर मिळावा हे सांगत नाही, आणि या मोकळिकीचा फायदा कोण कसा घेतो यावरून उत्पादकाची वृत्ती बरीचशी कळते.

निकालाचे पान उघडल्यावर चार धातूंपुढे चार आकडे दिसतात. एकक पीपीबी, म्हणजे एक किलो अन्नात इतके मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळेला किमान ६ मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण मोजता आले पाहिजे अशी कायद्याची अट आहे, म्हणून अनेक ठिकाणी ‘६ पेक्षा कमी’ अशी नोंद आढळते. तिचा अर्थ शून्य असा नाही, मोजमापाच्या विश्वासार्ह टप्प्याखाली एवढाच आहे. चाचणी तयार झालेल्या अंतिम पदार्थाची आणि महिन्यातून किमान एकदा करावी लागते, ही मला या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ज्या उपसमितीचे अध्यक्षपद राजा कृष्णमूर्ती यांच्याकडे होते, तिच्या फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात या मुद्द्याचे बोलके उदाहरण आहे. हेन या शिशुआहार बनवणाऱ्या कंपनीत केवळ कच्चा माल तपासला जात असे आणि त्यावरून अंदाज बांधला जाई. प्रत्यक्ष तयार पदार्थ तपासले तेव्हा त्यांतील असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिकचा अधिक विषारी प्रकार, अंदाजापेक्षा २८ ते ९३ टक्के अधिक निघाले. जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे वरून घातलेले मिश्रणही त्याला कारण असू शकते, ही बाब त्या वेळी पुढे आली.

खरी उणीव मात्र आकड्यांच्या शेजारी आहे. मर्यादा किती आणि हा आकडा तिच्या कोणत्या बाजूला आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळेल अशी मांडणी मला क्वचितच दिसली. बहुतेक ठिकाणी एफडीएच्या संकेतस्थळाचा दुवा दिला की काम संपते. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने शिशाची पातळी फळे, बहुतेक भाज्या, मिश्रणे, दही आणि केवळ मांसाचे पदार्थ यांसाठी १० पीपीबी, तर केवळ कंदमुळाचा पदार्थ आणि कोरडे सिरीयल यांसाठी २० पीपीबी ठेवली. त्यामुळे रताळ्याच्या लगद्यात शिसे १४ दिसले तर ते पातळीच्या आत असते आणि तेच सफरचंदाच्या लगद्यात दिसले तर बाहेर. हा फरक पानावर लिहिलेला नसेल तर पालक एकतर विनाकारण घाबरतो किंवा विनाकारण निर्धास्त होतो. आर्सेनिकचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. तांदळाच्या सिरीयलसाठी २०२० मध्ये ठरलेली १०० पीपीबीची पातळी असेंद्रिय आर्सेनिकची आहे, आणि कायद्यात मात्र नुसते ‘आर्सेनिक’ म्हटले आहे. पानावरचा आकडा एकूण आर्सेनिकचा असेल तर तो त्या पातळीशी थेट ताडून पाहता येत नाही.

एवढे असूनही ही सोय असावी असे मी आग्रहाने म्हणेन, आणि त्यामागे २०२३ च्या शरद ऋतूतील घटना आहे. वानाबाना या ब्रँडच्या सफरचंद-दालचिनीच्या पाऊचमधील शिसे कोणत्याही नेहमीच्या तपासणीत उघड झाले नाही. नॉर्थ कॅरोलायनातील मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले आणि त्याचा माग काढत आरोग्य अधिकारी त्या पाऊचपर्यंत पोहोचले. एफडीएने तपासलेल्या एका पाऊचमध्ये शिसे २.१८ पीपीएम, म्हणजे २१८० पीपीबी होते. त्याचा उगम इक्वेडोरमध्ये दळलेल्या दालचिनीत होता आणि ती लेड क्रोमेट या शिसेयुक्त पिवळ्या रंगद्रव्याने दूषित झाली होती असे दिसून आले. एवढे मोठे प्रमाण पकडायला अतिसूक्ष्म उपकरणाचीही गरज नव्हती. अंतिम पदार्थाची नियमित चाचणी पुरेशी होती.

दुकानात उभे राहून निर्णय घेणाऱ्याला माझी सूचना अशी की एका लॉटच्या एका आकड्यावर अडून न बसता त्याच पदार्थाचे मागील काही महिन्यांचे निकाल पाहावेत, आणि ब्रँडपेक्षा धान्याकडे अधिक लक्ष द्यावे. भात पाण्यात उभा असतो, अशा जमिनीत आर्सेनिक सुटे होते आणि रोप ज्या मार्गाने सिलिकॉन शोषते त्याच मार्गाने रोपात शिरते, म्हणून तांदळाच्या सिरीयलपेक्षा ओटचे किंवा बार्लीचे सिरीयल या बाबतीत सहसा बरे असते. बीच-नट या कंपनीने २०२१ मध्ये तांदळाचे सिरीयल परत मागवले आणि तो प्रकार विकणेच थांबवले. सेंद्रिय असल्याच्या शिक्क्याने मात्र येथे काही बदलत नाही, कारण धातू मातीतून येतो.

मराठी घरांच्या दृष्टीने या कोडची मर्यादा वेगळीच आहे. पावडरचे दूध, म्हणजे फॉर्म्युला, या कायद्यातून वगळले आहे, आणि नातेवाइकांनी सामानातून आणलेले घरगुती नाचणीचे सत्त्व किंवा घरी केलेली मऊ खिमट यांच्यासाठी अर्थातच कोड नसतो. हळदीबाबत विशेष सावध राहावे, कारण बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याचे संशोधनातून सिद्ध झाले आहे. बाळाच्या खिमटीत सुटी, पॅकिंग नसलेली हळद घालण्याची मुळीच गरज नाही. तांदळाच्या बाबतीत भात वेळण्याची आपली जुनी रीत कामी येते. एका वाटी तांदळाला सहा ते दहा वाट्या पाणी घेऊन शिजवून ते पाणी टाकून दिल्यास असेंद्रिय आर्सेनिक ४० ते ६० टक्के कमी होते असे एफडीए सांगते, मात्र त्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात. जे वेळलेले पाणी आपण पचायला हलके म्हणून बाळाला पाजतो, त्यातच हे आर्सेनिक उतरलेले असते, तेव्हा या कारणासाठी भात वेळायचा असेल तर ते पाणी बाळाच्या वाटीत जाऊ नये.