घरी शिजवलेला क्ले: जून ते जानेवारी वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. अडीच ते सात वर्षांच्या मुलांना घरात रमवायला मैदा, मीठ आणि पाणी शिजवून केलेला क्ले बाजारच्या डबीपेक्षा सरस ठरतो. अटी दोनच: मीठ मोजून घालायचं आणि खेळायचं सामान एका वेळी एकच काढायचं. पहिली अट मोडली तर क्ले बिघडतो, दुसरी मोडली तर खेळ दहा मिनिटांत आटपतो.

न शिजवता नुसता मळलेला गोळा पहिल्या दिवशी छान वाटतो. दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो, बोटांना चिकटतो, चौथ्या दिवशी आंबूस वास मारतो. शिजवल्यावर मैद्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून गोळा मऊ राहूनही हाताला लागत नाही. या दहा मिनिटांच्या खटाटोपाला पर्याय नाही.

आता मिठाबद्दल. सगळीकडे फिरणारं प्रमाण म्हणजे एक कप मैदा, अर्धा कप मीठ, एक कप पाणी. कप २४० मिलीचा धरला तर मैदा भरतो साधारण १२५ ग्रॅम आणि अर्धा कप बारीक मीठ भरतं १४५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मापाने अर्धं दिसणारं मीठ वजनाने मैद्यालाही भारी! शिवाय १०० मिली पाण्यात मीठ विरघळतं जेमतेम ३६ ग्रॅम; २४० मिलीत ८६. उरलेलं साठ ग्रॅम कितीही ढवळलं तरी विरघळत नाही. क्ले हाताला रवाळ लागतो तो यामुळेच, आणि त्याला ‘नीट शिजला नाही’ असं म्हणत लोक आणखी शिजवत बसतात. ८० ग्रॅमवर थांबलं तर पोत लोण्यासारखा येतो आणि टिकाऊपणातही फरक पडत नाही, कारण शिजताना थोडं पाणी उडतं आणि उरलेल्या पाण्यात विरघळू शकेल तेवढं मीठ जवळजवळ असतंच. बुरशी-जंतूंना रोखतं ते विरघळलेलं मीठ. न विरघळलेले खडे नुसते बसून असतात.

तर प्रमाण असं: मैदा १२५ ग्रॅम, बारीक मीठ ८० ग्रॅम, पाणी २४० मिली, गोडं तेल एक मोठा चमचा, सायट्रिक अ‍ॅसिड अर्धा छोटा चमचा. क्रीम ऑफ टार्टर ही आंबट पांढरी पूड केकच्या सामानाच्या दुकानात मिळते, ती असेल तर सायट्रिक अ‍ॅसिडऐवजी दोन छोटे चमचे. दोन्ही नसेल तर दोन मोठे चमचे लिंबाचा रस, आणि तेवढं पाणी कमी. आंबटपणामुळे गोळा लवचीक राहतो, लाटताना कडा फाटत नाहीत. कणीक वापरून चालते, पण कोंड्यामुळे रंग मातकट येतो आणि गोळा लवकर खराब होतो. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी तांदळाचं पीठ घ्यावं लागतं. ते ताणलं की तुटतं, पण साच्यात दाबायला उत्तम.

कृती करताना मोदकाची उकड डोळ्यांसमोर आणू नका. उकळत्या पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. आधी सगळं पाणी कोमट करून त्यात मीठ पूर्ण विरघळवायचं, त्यात सायट्रिक अ‍ॅसिड आणि तेल, मग पाणी गार झालं की मैदा घालून धिरड्याच्या पिठाहून पातळ असं सरसरीत करायचं. जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा नॉनस्टिक भांड्यात मंद ते मध्यम आचेवर पिठलं घोटतो तसं सतत घोटायचं. अ‍ॅल्युमिनियमची कढई नको, मीठ आणि आंबट मिळून तिला खातात. तीन मिनिटं काहीच होत नाही, मग एकदम बुडाशी गाठी दिसू लागतात आणि पुढच्या दोन मिनिटांत सगळं गोळा होतं. कडा सुटल्या, वरची ओली चकाकी गेली आणि चिमटीत धरलेला तुकडा चिकटला नाही की गॅस बंद. इथे घाई केली तर आतून कच्चा राहिलेला गोळा दुसऱ्या दिवशी पाघळतो. उलट तीन-चार मिनिटं जास्त ठेवला तर रबरासारखी साल धरतो आणि भुगा होऊ लागतो.

ताटात काढून दहा मिनिटं थांबायचं. वरून कोमट लागला तरी मध्यभाग चांगलाच गरम असतो, म्हणून पहिलं मळणं मोठ्यांचंच. पाच मिनिटं मळल्यावर कानाच्या पाळीइतका मऊ होतो. एका घाण्यात चारशे ग्रॅमच्या वर क्ले निघतो, म्हणजे शंभर-शंभर ग्रॅमचे चार रंग. कडाप्प्याच्या ओट्यावर मात्र मळू नका. आंबटाने पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

रंगासाठी खायचा जेल रंग वाटाण्याएवढा पुरतो. द्रव रंगाचे पाच-सहा थेंब लागतात आणि गोळा थोडा सैलावतो. हातात प्लास्टिकची पिशवी घालून मळा, नाहीतर दोन दिवस बोटं हिरवी. रांगोळीचे आणि होळीचे रंग यात घालायचे नाहीत, बाजारचं कुंकूही नाही. त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. पाव चमचा हळदीने सुरेख पिवळा येतो आणि वर एक खेळ फुकट मिळतो: पिवळ्या तुकड्यावर साबणाच्या पाण्याचं बोट टेकवलं की लालसर ठिपका, त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हे एवढ्यावरच सहा वर्षांचं पोर अर्धा तास काढतं. तीन वर्षांच्याला त्यात काही विशेष वाटत नाही, त्याला पिळायला लिंबू हवं असतं.

टिकण्याबाबत आठ महिन्यांत एक आकडा कामाचा निघाला: ७५. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढतं, खाली असली की सोडतं. सगळ्या तक्रारी या एका गोष्टीत बसतात. जुलैत किनारपट्टीला गोळा डबीबाहेर तासभर राहिला तरी घामेजतो. तेव्हा चमचाभर मैदा लावून मळायचं, पाणी अजिबात नाही. डिसेंबरात पुण्याकडे किंवा मराठवाड्यात उलटं होतं. वर पांढरी कुरकुरीत पूड येते, ती बुरशी समजून लोक गोळा फेकून देतात. ती नुसती मिठाची असते. बोटं ओली करून दोन मिनिटं मळलं की जिरते. खरी बुरशी केसाळ असते, हिरवट-काळ्या ठिपक्यांनी येते आणि तिचा कोंदट वास येतो. ती दिसली तर मात्र पूर्ण गोळा टाकायचा, खरवडून वापरायचा नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे गोळा कोमट असतानाच डबी बंद करणं. झाकणाला वाफ धरते, थेंब गोळ्यावर पडतात, त्या जागी मीठ पातळ होतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पूर्ण गार करा, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, डबीत रिकामी जागा कमी ठेवा. असा गोळा पावसाळ्यात तीन आठवडे आणि एरवी दोन-अडीच महिने चांगला चालला. हात धुवून खेळलं तर. खाऊच्या हातांनी खेळलेला गोळा आठवड्यातच वास मारतो.

सामान स्वयंपाकघरातलंच. लाटणं, करंजीचं कातणं, मोदकाचा साचा, जुना कंगवा, चहाची गाळणी. हे सगळं एकदम ताटात मांडलं की पोर प्रत्येक गोष्ट एकदा दाबून बघतं आणि उठतं. पहिली पंधरा मिनिटं नुसता गोळा, काहीच नाही. रेंगाळायला लागलं की कातणं. शंकरपाळ्यांची एक लाट येऊन गेली की गाळणी. मागून दाबलं की जाळीतून केस उगवतात, ते सुरीने कापायचे. अशा रीतीने तीन वस्तूंवर पाऊण तास आरामात जातो. सोऱ्या सर्वांत लाडका, पण दाबायचा सोऱ्या चार वर्षांच्या हातांना झेपत नाही. दांडा फिरवायचा असेल तर एकाने धरायचा, मुलाने फिरवायचा. पितळी सोऱ्या देऊ नका. मिठाने हिरवा पडतो आणि दिवाळीत चकल्या करताना आठवण होते. स्टीलचाही लगेच धुवा.

पानांचे ठसे हा प्रकार अपेक्षेपेक्षा फारच वर निघाला. पोळी अर्धा सेंटिमीटर जाड लाटायची, पान शिरांची बाजू खाली करून ठेवायचं, वरून लाटणं एकदाच फिरवायचं. दोनदा फिरवलं की दुहेरी ठसा उठतो. पिंपळाच्या शिरा झकास उमटतात. तुळशीचं पान फाटतं, आंब्याचं कोवळं पान लवचीक म्हणून चांगलं, जून पान कडक असल्यामुळे कडेला भेगा पाडतं.

ठेवायच्या वस्तूंसाठी हा शिजवलेला क्ले उपयोगाचा नाही, वाळताना आक्रसून तडकतो. त्यासाठी कच्चं पीठ वेगळं: दोन कप मैदा, एक कप मीठ, पाऊण ते एक कप पाणी, पुरीच्या पिठासारखं घट्ट. पोळ्याचे बैल यातूनच करावेत. चार पाय वेगळे करून चिकटवले की वाळताना सांधा सुटतो आणि बैल गुडघे टेकतो. त्याऐवजी जाड वळी घ्या, दोन्ही टोकांना सुरीने दोन सेंटिमीटर उभा छेद द्या, दुभंगलेली टोकं खाली वळवा. चारी पाय एकसंध तयार! पोटात अ‍ॅल्युमिनियम फॉइलची गोळी भरली की बैल हलका होतो आणि आतून लवकर वाळतो. डोकं लावताना दोन्ही बाजूंना सुरीने ओरखडे काढून पाण्याचा हात लावायचा आणि मानेत अर्धी दातकोरणी खुपसायची. पोळा येतो श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे ऐन दमट हवेत. पुन्हा तोच ७५चा आकडा. उन्हाची वाट बघू नका, ओव्हनमध्ये १०० अंशांवर तीन तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. तापमान वाढवून वेळ वाचवायला गेलं की पाठ फुगते. रंग वाळल्यावर वार्निशचे दोन हात हवेतच, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात बैल घाम गाळतो.

आता धोका. ८० ग्रॅम मीठ चारशे-सव्वाचारशे ग्रॅम गोळ्यात, म्हणजे लिंबाएवढ्या ३० ग्रॅमच्या तुकड्यात साडेपाच ग्रॅमच्या वर मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. ‘खाण्याच्याच वस्तू आहेत’ म्हणून निर्धास्त राहण्याचं त्यामुळे कारण नाही. चव घेतली तर पोर स्वतःच थुंकतं, पण सगळं तोंडात घालायच्या वयात हा खेळ नको. घरात कुत्रा असेल तर जास्तच जपा. तो चव न बघता गिळतो आणि एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं. डोळे म्हणून राजमा, हरभरे टोचायला तीन वर्षांच्या आतल्यांना देऊ नका. बोटाला खरचटलं असेल किंवा त्वचा कोरडी पडून चिरली असेल तर मीठ चरचरतं. पोर अचानक ‘नको’ म्हणू लागलं तर आधी हात बघा.

बाजारच्या मालाशी तुलना थोडक्यात. प्ले-डो हा डबीतला प्रसिद्ध क्लेही गव्हाच्याच पिठाचा. अमेरिकेत भिंतींच्या वॉलपेपरवरची काजळी पुसायला विकला जाणारा गोळा १९५६ साली खेळणं म्हणून बाजारात आला. रंग आणि पोत यांत तो घरच्यापेक्षा उजवा, शंभर ग्रॅमचा हिशोब केला तर कितीतरी महाग. तेलकट प्लॅस्टिसिन कधी वाळत नाही, पण थंडीत लहान हातांना कडक लागतं आणि गालिच्यात गेलं तर निघत नाही. फोमचा हलका क्ले एकदा वाळला की संपला. काहीही विकत घेतलंत तरी आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

साफसफाईत एकच पथ्य: सांडलेला क्ले ओल्या फडक्याने पुसायचा नाही, पसरून खळ होते. वाळू द्या, झाडून घ्या. ताटं सिंकमध्ये धुण्याआधी खरवडून घ्या, नाहीतर नळीत लगदा बसतो. जुना गोळा कुंडीत किंवा खताच्या डब्यात टाकला तर मिठाने झाडं आणि गांडुळं दोन्ही मरतात, आणि कणकेसारखा दिसतो म्हणून गाईच्या घासातही जाता कामा नये. पिशवीत बांधून कचऱ्यात.