पीएच उतरवायला काय घ्यावे: फॉस्फोरिक, नायट्रिक की लिंबू?

गच्चीवर मातीविना, खताच्या पाण्यावर वाढवलेल्या लेट्यूस-पालकाच्या टाकीत पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप, आकडा कमी तितके आम्ल जास्त) ५.५ ते ६.५ हवा, यावर वाद नाही. वाद असतो तो कशाने उतरवायचा यावर, आणि त्याचा निकाल बाटलीपेक्षा तुमच्या पाण्यावर ठरतो. म्हणून आधी मत्स्यालयाच्या दुकानातून केएच किट आणा. ते पाण्याची क्षारता, म्हणजे अॅसिड पचवून पीएच न उतरू देण्याची ताकद, मोजते. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजेच सुमारे १८ पीपीएम क्षारता.

फॉस्फोरिक नाशकात शोधावे लागत नाही. द्राक्षबागांना ठिबकमधून सोडतात, त्यामुळे ८५ टक्क्यांचे कॅन कृषी सेवा केंद्रात असतात. ९० मिलि पाण्यात १० मिलि अॅसिड ओता (अॅसिडमध्ये पाणी कधीच नाही), हातमोजे आणि चष्मा घालून. सहा अंशांच्या पाण्याला, २० लिटरसाठी, हे पातळ द्रावण २०-२५ मिलि लागते. नळाच्या पाण्याची क्षारता एवढीच भरली, तर डोळे झाकून हेच घ्या.

बोअरचे १५ अंशांचे पाणी मात्र वेगळे प्रकरण आहे. तिथे फॉस्फोरिकने पीएच उतरवला तर लिटरमागे सुमारे १३० मिलिग्रॅम फॉस्फरस जातो. पालेभाजीला ३० ते ५० पुरतो. जादा फॉस्फरस लोह-जस्त अडवतो, कॅल्शियमशी जमून तळाशी पांढरा गाळही बसतो. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक आणखी लोह घालतात. ते पैसे वाया.

इथे नायट्रिक सरस. तेवढ्याच कामात लिटरमागे फक्त ६० मिलिग्रॅम नत्र वाढतो. तो खतातले कॅल्शियम नायट्रेट लिटरमागे ०.३ ते ०.४ ग्रॅम कमी करून वळता होतो. त्याने कॅल्शियमही घटते, म्हणून बोअरच्या पाण्यात कॅल्शियम किती आहे ते तपासणी अहवालात बघून घ्या. पण वाफा घशाला झोंबतात, कातडीवर पिवळे डाग पडतात. घरात लहान मुले असतील तर आमचे मत सरळ आहे: नायट्रिक नको, बोअरच्या पाण्यात निम्मे आरओचे किंवा पावसाचे पाणी मिसळा आणि फॉस्फोरिकच वापरा.

लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक अॅसिड स्वस्त आणि सुरक्षित, पण जिवाणू ते खातात. एक-दोन दिवसांत पीएच पुन्हा वर येतो, मुळांवर बुळबुळीत थर चढतो, उन्हाळ्यात तर लवकरच. अडीअडचणीला एक दिवस चालेल. जुन्या बॅटरीतले अॅसिड अजिबात नको, त्यात शिसे असते.

जड पाण्याला आधी अॅसिड, मग दोन बाटल्यांत येणाऱ्या खताचा ए भाग, ढवळून बी. अॅसिड टाकताच मीटर ५.८ दाखवतो आणि सकाळी ६.८. मीटर बिघडलेला नसतो. पाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तसा पीएच वर चढतो. म्हणून एअर पंप रात्रभर चालू ठेवून सकाळी मोजा, उरलेले अॅसिड तेव्हा घाला. मीटर ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या तयार द्रावणावर) पंधरा दिवसांनी तपासा. इलेक्ट्रोड (मीटरचे पाण्यात बुडवायचे टोक) साध्या पाण्यात ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा.