गीतावाचनाचा ऑनलाइन वर्ग : रागाच्या आधीच्या पायऱ्या

भगवद्गीतेच्या आधारे मनातील भावनांवर ताबा मिळवण्याचे शिक्षण देणारा १२ सत्रांचा एक ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. गीतेच्या ७०० श्लोकांपैकी सुमारे ४० श्लोक निवडून ते सावकाश वाचायचे आणि आठवडाभर आपल्या मनाची टिपणवही ठेवायची, अशी त्याची आखणी आहे. पदच्छेद (संधी सोडवून केलेली शब्दांची फोड) आणि अन्वय (शब्दांची गद्य क्रमाने मांडणी) लेखी मिळतात, ध्वनिमुद्रणही स्वच्छ आहे.

वर्गाचे खरे बळ दुसऱ्या अध्यायातील ६२ आणि ६३ या दोन श्लोकांच्या वाचनात आहे. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध आणि पुढे संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश व सर्वनाश अशी ती उतरंड आपण अनेकदा ऐकलेली असते. परंतु शिक्षिकेने ती आम्हाला उलट्या क्रमाने वाचायला लावली. त्याच आठवड्यात धाकट्या भावाच्या एका दोन ओळींच्या निरोपावर मी फार कडवट उत्तर पाठवले होते. वहीत मागे मागे जात लिहिताना लक्षात आले की क्रोध त्या निरोपाने आलाच नव्हता. सकाळपासून चार वेळा मी मनात तेच जुने भांडण उगाळले होते. त्या श्लोकातील ‘ध्यायतः’, म्हणजे सतत चिंतन करणाऱ्याचे, या शब्दाचा अर्थ त्या दिवशी मला प्रथमच कळला, आणि भावाला फोन करून मी क्षमा मागितली.

एका गोष्टीबद्दल मात्र माझा स्पष्ट मतभेद आहे. पुढच्या सत्रांमध्ये ‘भावनांवर विजय’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो आणि त्या ओघात भावना दाबणे हेच साधन असल्याचा समज होतो. गीतेचा स्वर असा नाही. तिसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरून मनाने विषय घोळवत बसणाऱ्याला मिथ्याचारी, म्हणजे ढोंगी, म्हटले आहे, आणि ‘निग्रहः किं करिष्यति’, म्हणजे नुसता निग्रह काय करणार, हा प्रश्नही तिथेच विचारला आहे. पाचव्या अध्यायात काम-क्रोधाच्या वेगाविषयी ‘सोढुम्’, म्हणजे सोसणे, असा शब्द योजला आहे. वेग येणार हे त्यात गृहीतच आहे. हे दोन्ही संदर्भ निवडीत असूनही घाईने उरकले गेले, याचे मला वाईट वाटले.

शिवाय पहिला अध्याय सर्वस्वी गाळला आहे. तोंडाला पडलेली कोरड, अंगाला सुटलेला कंप, हातातून निसटणारे गांडीव हे अर्जुन स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि ते सगळे ऐकून घेतल्यावरच श्रीकृष्णाचा उपदेश सुरू होतो. नुकतेच कुणी गमावलेल्या आमच्या एका सहाध्यायी भगिनींना थेट स्थितप्रज्ञाची, म्हणजे सुखदुःखात अविचल राहणाऱ्याची, लक्षणे ऐकावी लागली आणि त्या तिसऱ्या सत्रानंतर आल्याच नाहीत. रागाने त्रस्त असलेल्यांना मी हा वर्ग मनापासून सुचवेन. शोकात असलेल्यांनी तूर्त घरीच, कुणा जिवाभावाच्या माणसासोबत, पहिल्या अध्यायापासून वाचायला बसावे.